लहान्याबद्दल थोडं

स्वान्सी, वेल्स

तीर्थरूप काकाजींस साष्टांग नमस्कार.

पराटी वेचणीला आली असेल, तुम्हाला घाई असेल, तरी हे पत्र सवडीनं वाचा. आपल्या कवी लहान्याच्या पिण्याबद्दल आहे, त्याला सध्या दाखवू नका.

मी राहतो त्या शहरात 1914 साली डिलन थॉमस नावाचा कवी जन्मला. सुरेश भटांनी गझल गायला घेतली की मांडव कसा गप्प व्हायचा हे तुम्हीच सांगता. यालाही लोक तसंच कान देऊन ऐकायचे. त्याला अमेरिकेत नेलं जॉन ब्रिनिन यांनी. ते स्वतः कवी आणि न्यूयॉर्कच्या पोएट्री सेंटरचे संचालक. 1950 च्या पहिल्याच दौऱ्यात त्यांनी चाळीसेक कार्यक्रम लावले. पुढे 1955 साली त्यांनी त्या दौऱ्यांच्या आठवणींचं पुस्तक काढलं, 'डिलन थॉमस इन अमेरिका'. ते वाचताना मला पानोपानी तुम्ही दिसलात, काकाजी. कवीवर जीव टाकणारा, त्याची सगळी सोय पाहणारा, त्याचं पिणं बघून पोटात गोळा येणारा माणूस. आणि तरी पुढचा कार्यक्रम ठरवणाराही तोच.

असे चार दौरे झाले. चौथ्यात डिलन न्यूयॉर्कच्या हॉटेलात कोसळला आणि 9 नोव्हेंबर 1953 ला दवाखान्यात वारला. वय 39. मागे बायको, तीन लेकरं. अठरा व्हिस्कींची गोष्ट लोक अजून रंगवून सांगतात. पण छातीत न्यूमोनिया होता आणि डॉक्टरनं त्याला श्वास मंदावणारं मॉर्फिन टोचलं, हे फार कोणी सांगत नाही. लहान्याचा खोकला 'दारूचा आहे' म्हणून तुम्ही सगळे सोडून देता, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

इथं वेल्समध्येच, लार्न गावात खाडीच्या वर डिलनची लिहायची खोली आहे, लाकडी, एवढीशी. काचेतून आत पाहिलं. टेबल, खुर्चीला अडकवलेला कोट, खाली चुरगाळलेले कागद. एकेका कवितेचे ढीगभर खर्डे करायचा तो. असं काम पिऊन होत नाही. 'घेतल्याशिवाय त्याला सुचत नाही' असं आपली मंडळी म्हणते, ते साफ खोटं आहे. लहान्यानं बैलाच्या डोळ्यांवरची ती कविता भल्या सकाळी ओसरीत बसून, काळा चहा पीत लिहिली. ओळ खोडायचा, पुन्हा तीच लिहायचा. मी बाजूलाच होतो.

मांडवामागं 'घ्या कविराज' म्हणत ग्लास पुढं करणारे आपल्याच गावचे आहेत आणि तुमचा शब्द ते मोडत नाहीत. त्यांना एकदा खडसावून सांगा. दिवाळीनंतरचं संमेलन यंदा त्याच्याविना होऊ द्या. तो रुसेल, रुसू द्या. मानधन सूनबाईच्या हाती द्या. आणि या आठवड्यातच त्याला यवतमाळला नेऊन छातीचा एक्स-रे काढा. पैसे मी धाडले आहेत. डॉक्टर काय म्हणतात ते त्याच दिवशी फोनवर कळवा, रात्री कितीही वाजले तरी.

आपला,
थोरला पुतण्या