काका, ते गाणं तुम्ही तोडलं नाहीत

प्रिय काका,
साष्टांग नमस्कार.

परवा तुमचा फोन आला, दुकान रिकामं करतोय, तुझ्या नावाची वही सापडलीय, ठेवू का रद्दीत घालू, एवढंच विचारलंत आणि मी ऑफिसच्या गडबडीत "ठेवा ठेवा" म्हणून फोन कट केला. रात्री झोपच येईना. म्हणलं २७ वर्षं झाली आणि ह्या माणसाला आपण एकदाही नीट थँक्यू म्हणलेलं नाही. म्हणून हे पत्र, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहितोय कारण तुम्ही काय केलंत ते लोकांना कळलं पाहिजे.

१९९८ साल, मी नववीत. तुमचं दुकान म्हणजे मिरजेतली एकमेव जागा जिथं मी तासभर नुसता उभा राहिलो तरी कुणी हाकलायचं नाही. भिंतीभर कॅसेट, काउंटरवर एका कॅसेटवरनं दुसरी उतरवायचा डबल डेक आणि लोकांनी आणलेल्या गाण्यांच्या याद्या. तुम्ही स्वतः किराणा घराण्याच्या गाण्याचे, दर्ग्याच्या उरुसात गाण्याला रात्रभर बसणारे, दुकानात अब्दुल करीम खाँसाहेब लागले की गिऱ्हाईक आलं तरी उठायचा नाहीत. आणि एक दिवस मेडिकल कॉलेजचा एक बाहेरगावचा विद्यार्थी आयर्न मेडन ह्या इंग्लंडच्या हेवी मेटल बँडच्या दोन ओरिजिनल कॅसेट कॉपी करायला ठेवून गेला, डेकला लावून तुम्ही लेव्हल बघत होता आणि मी दारात उभा होतो. दोन गिटार एकदम वर चढल्या आणि माझ्या अंगावर काटा आला. तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि म्हणलात, "आवडलं? बस मग."

घरी ह्याला गोंगाट म्हणत होते. तुम्ही नाही म्हणलात. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत आणि म्हणलात, "हे दोघं भांडत नाहीत रे, एकच चाल धरून बरोबर चाललेत, एक खालच्या सुरावर आणि दुसरा दोन पायऱ्या वर." मला तोपर्यंत नुसता आवाज आवडला होता, त्यात काय ऐकायचं ते तुम्ही दाखवलंत. त्यानंतर मी आजतागायत मेडनचे ते दोन गिटारवाले, डेव्ह मरे आणि एड्रियन स्मिथ, तसेच ऐकतो, आधी खालचा सूर पकडायचा आणि मग वरचा.

आता त्या कॅसेटचं. माझ्याकडं एका कॅसेटपुरतेच पैसे होते. मी हिशोब करून आलो होतो, ९० मिनिटांची कॅसेट घ्यायची, एका बाजूला 'नंबर ऑफ द बीस्ट', दुसऱ्या बाजूला 'पॉवरस्लेव्ह'. पहिला अल्बम ४० मिनिटांचा, तो बसतो. पॉवरस्लेव्ह ५१ मिनिटांचा आणि बाजू ४५ ची. मी म्हणलं काका, शेवटचं गाणं जिथं टेप संपेल तिथं संपू दे, मोठं आहे, साडेतेरा मिनिटांचं, निम्मं आलं तरी चालेल. तुम्ही हातातलं काम खाली ठेवलंत. "बंदिश मधे तोडायची नसते," म्हणलात, "गाणाऱ्यानं शेवट कुठं केलाय ते त्याला ठरवू दे." आणि पॉवरस्लेव्ह ६० च्या कॅसेटवर घेतलंत, रेकॉर्डवर जशा बाजू आहेत तशाच, इकडं २५ मिनिटं, तिकडं २६, प्रत्येक बाजूला शेवटची चार-पाच मिनिटं टेप कोरी. 'नंबर ऑफ द बीस्ट' दुसऱ्या कॅसेटवर. पैसे एकाच कॅसेटचे घेतलेत. वर पुठ्ठ्यावर तुमच्या त्या वळणदार अक्षरात देवनागरीत सगळ्या गाण्यांची नावं.

ते शेवटचं गाणं, 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर', बँडचा बास गिटारवाला स्टीव्ह हॅरिसनं कोलरिजच्या १७९८ च्या कवितेवरनं लिहिलेलं. मधे सगळं थांबतं, नुसता बास, जहाजाच्या लाकडाची करकर, आणि एक आवाज कवितेच्या ओळी म्हणतो. पहिल्यांदा ऐकताना ती करकर ऐकून मला वाटलं टेप अडकली, मी घाबरून कॅसेट बाहेर काढली, रीळ बघितलं, नीट होतं. परत लावली. आणि मग ते शांतपणातनं हळूहळू उठतं आणि सगळे एकदम आत येतात, तिथं मी रडलो काका, चौदा वर्षाचा मुलगा, माळ्यावर, एकटा. निम्म्यात टेप संपली असती तर मला ते कळलंच नसतं. गाणं संपल्यावरची ती चार कोरी मिनिटं पण मी कधी फॉरवर्ड केली नाहीत, नुसती बारीक सळसळ ऐकत पडून राहायचो.

बाबांचा विरोध मेडनच्या अल्बमांवर असतो त्या सांगाड्याच्या चित्रावरनं होता, एडीवरनं. मुलगा बिघडतोय म्हणून ते कॅसेट टाकून देणार होते. तुम्ही दुकान बंद करून आमच्या घरी आलात, चहा घेतलात आणि म्हणलात, "चित्राकडं बघू नका, पोराचे कान चांगले आहेत, ते बिघडवू नका." एवढंच. कॅसेट राहिल्या.

मग २००७ मध्ये मेडन बंगलोरला आले, मला जाता आलं नाही, पुढं बरेच दिवस ते मनात सलत होतं. आणि मग बातमी आली की पुढच्या वर्ल्ड टूरचा पहिलाच शो मुंबईत, १ फेब्रुवारी २००८, बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्स. स्वतःचं बोइंग ७५७ घेऊन येणार, चालवणार गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः. मी पुण्यात पहिल्या नोकरीत, शुक्रवारी अर्धी रजा टाकली आणि निघालो. मैदानात काळ्या टीशर्टांचा समुद्र. शिलाँगची पोरं होती, कोल्हापूरची होती, माझ्या बाजूला एक गृहस्थ पन्नाशीचे, ते १९८४ पासून वाट बघत होते म्हणे. अंधार झाला, 'एसेस हाय'च्या आधी लावतात ते चर्चिलचं भाषण सुरू झालं आणि सगळं मैदान ते भाषण पाठ म्हणायला लागलं आणि मग ते गाणं. त्या टूरच्या फिल्ममध्ये ते गाणं मुंबईचंच घेतलंय, मी अजून लावतो ते, गर्दीत स्वतःला शोधायला नाही, तो पहिला आवाज परत ऐकायला. रेकॉर्डवर ते आवरून, नेटकं वाजतं. तिथं ते छातीत शिरलं, ड्रमचा प्रत्येक ठोका बरगड्यांना लागत होता, आणि तिन्ही गिटार (तोवर बँडमध्ये तिसरा गिटारवाला आला होता) एका सुरात आल्या की मी मात्र आधी खालचा सूर शोधत होतो.

आणि मग ब्रूसनं राइम सुरू केलं. मी खिशातनं मोबाईल काढला आणि तुम्हाला लावला. पहिल्यांदा लागला नाही, दुसऱ्यांदा लागला. काही न बोलता हात वर करून धरला, अख्खं गाणं, हात बदलत बदलत. मला वाटलं होतं तुम्ही मिनिटभरात ठेवाल. गाणं संपल्यावर कानाला लावला तर तुम्ही अजून होतात. म्हणालात, "बाकी सगळी खरखर आली, पण मधलं शांत आलं बरं का. तो खालचा कोण वाजवतोय?" मी ओरडून सांगितलं स्टीव्ह हॅरिस, बँड त्यानंच काढला १९७५ ला, आणि तो बोटांनीच वाजवतो, नखी लावत नाही. आयुष्यभर सतारमेकरांच्या गल्लीत वावरलेला माणूस, तुम्ही क्षणभर गप्प झालात आणि म्हणलात, "म्हणून तो असा गोल येतोय." त्या गर्दीत ते ऐकलेला मी एकटाच होतो.

त्यानंतर आपलं हे चालूच राहिलं. डिसेंबर २०२४ ला मेडनचा ड्रमर निको मॅकब्रेननं साओ पावलोला शेवटचा शो वाजवला आणि टूरवर जाणं थांबवलं, तेव्हा मी पहिला फोन तुम्हालाच केला. स्ट्रोकमधनं उठून ७२ व्या वर्षापर्यंत वाजवत होता, तो पण सगळा खेळ बास ड्रमच्या एका पेडलवर, म्हणलं. तुम्ही म्हणलात, "त्याला सांग, मिरजेत एकानं कान धरले." उस्तादाचं नाव घेताना गवई आदरानं कान धरतात, तुमच्या घराण्याच्या पद्धतीचा एवढा मोठा मान, तो त्याच्यापर्यंत पोचवायला माझ्याकडं वाट नाही, म्हणून इथं लिहून ठेवतोय.

काका, तुम्हाला ही गाणी कधी आवडली का, हे मी कधी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाहीत. पण आवडत नसलेलं गाणंसुद्धा तुम्ही त्याच्या शेवटापर्यंत जाऊ दिलंत, एका पोरासाठी, स्वतःच्या खिशातली कॅसेट घालून. मनापासून, मनापासून थँक्यू.

वही रद्दीत घालू नका. आणि तो डबल डेक पण कुणाला देऊ नका एवढ्यात. मी दिवाळीत येतोय, ६० ची कॅसेट माझ्याकडं अजून आहे, दोघं बसून दुसरी बाजू ऐकू, कोऱ्या टेपसकट.

तुमचा,
दारात उभा राहणारा