शेळ्यांबरोबर घाट उतरणारे जंत

गुहागर

प्रिय सदा,

घाटावरच्या बाजारातून नव्या शेळ्या आणल्यापासून गोठ्यात जंताचं औषध लागू पडेनासं झालंय, असं परवा फोनवर म्हणालास. तेव्हा घाईत नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

शेळीच्या चौथ्या पोटात रक्त पिणारा हिमोंकस हा जंत स्वतः होऊन फार लांब जात नाही. अंडी लेंडीतून पडतात, अळी ओल्या गवताच्या पात्यावर चढते आणि शेळी चरायला येईपर्यंत तिथेच राहते. पण शेळी टेम्पोतून घाट उतरते आणि तिच्याबरोबर तिच्या पोटातली सगळी पिढी उतरते. ब्लोइन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये अमेरिकेतल्या गुरामेंढ्यांच्या ४ जंतांची आणि रानातल्या हरणांच्या एका जंताची जनुकं तपासली. गुरामेंढ्यांच्या जंतांत दूरदूरच्या कळपांमध्येही फरक जवळजवळ नव्हता. विविधता भरपूर, पण ती प्रत्येक कळपाच्या आतच. हरणांच्या जंतात मात्र अंतर वाढेल तसा फरक वाढत गेला. जंत सगळे एकाच कुळातले. फक्त गुरंमेंढ्या ट्रकातून फिरतात, हरणं फिरत नाहीत.

औषधाला दाद न देणारं जनुकही याच वाटेने येतं. अल्बेंडाझोल हे जंताचं औषध जंताच्या ज्या प्रथिनाला चिकटतं, त्यात ठरावीक जागी फिनाइलअ‍ॅलनिन या अमिनो आम्लाऐवजी टायरोसिन हे दुसरं आलं तरी औषध निकामी व्हायला पुरतं!

न्यूझीलंडच्या किनाऱ्यावरची एक गोगलगाय तर मला फारच आवडते. तिला पाण्यात तरंगणारी अळीच नाही. अंड्यातून थेट इवलासा शंख बाहेर येतो. त्यामुळे एका उपसागरातल्या गोगलगायी दुसऱ्यातल्यांपेक्षा जनुकांनी वेगळ्या. पण त्यांच्या अंगातला पर्णकृमी, म्हणजे एक चपटा जंत, किनाराभर जवळपास एकसारखाच, कारण तो पुढे पक्ष्यांच्या आतड्यात वाढतो आणि त्यांच्या विष्ठेतून जागोजागी पडतो. हिवाळ्यात हर्णैला कुरव उतरतात तेव्हा मला वाटतं, दाभोळ आणि जयगडच्या खाड्यांमधून कुणीतरी गोगलगायी आणि त्यांच्या जंतांची जनुकं अशी तपासून बघायला हवीत.

अर्थात वाहक हिंडला की जंत पसरलाच, असंही नाही. आपल्या गुहागर तालुक्यातल्या गिमवीत १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा या संशोधकांना शिस्टोसोमा या कृमीचे, लघवीतून रक्त जाणारे रुग्ण सापडले. त्या कृमीला तिथे फेरिसिया नावाची चिमुकली गोगलगाय लागते. माणूस मुंबईला गेला, तरी त्याच्या लघवीतून कृमीची अंडी पडतील त्या पाण्यात योग्य गोगलगाय नसेल तर साखळी तिथेच तुटते. हिमोंकसला अशी मधली कडी लागतच नाही, म्हणून तुझ्या गोठ्याची मला जास्त काळजी वाटते.

तेव्हा पुढच्या वेळी शेळ्या आणल्यास की लगेच कळपात सोडू नकोस. वेगळ्या बांध, औषध दे आणि दोन आठवड्यांनी दवाखान्यात लेंड्या तपासून अंडी किती उरली ते बघ. आत्ताच्या शेळ्यांचंही हेच कर. अंडी उरलीच असतील तर लगेच फोन कर, दुसऱ्या गटातलं कुठलं औषध चालेल ते डॉक्टरांना विचारून ठरवू.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
विनू