रोल केजला सरसकट दंड नको, तपासणी हवी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मॉडिफाय केलेल्या जीपांवर आरटीओनं कारवाई केल्याची बातमी तुमच्या पेपरात वाचली. त्यात प्रेशर हॉर्न, काळ्या काचा, फोडलेले सायलेन्सर, मोठे टायर आणि रोल केज हे सगळं एकाच ओळीत बसवलंय, ते बघून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी कोल्हापुरात उद्यमनगरात फॅब्रिकेशनचं काम करतो, जीपचे केज आणि सस्पेन्शनची लिफ्ट, म्हणजे गाडी उंच करायचं काम, हा त्यातला मोठा भाग. हॉर्न, काचा, सायलेन्सर यांच्यावर दंड घ्या, खुशाल घ्या. पण रोल केज म्हणजे आत बसवलेला पाईपचा सांगाडा, ही गाडी उलटल्यावर आतला माणूस वाचवायची वस्तू आहे आणि तिला हॉर्नच्या रांगेत बसवणं चुकीचं आहे असं मला मनापासून वाटतं.

आता कायदा काय म्हणतो तेही सांगतो, कारण बऱ्याच पोरांना तो माहीतच नसतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीनं गाडी जशी दिली आणि आरसीवर जशी नोंदली त्यात मालकाला परस्पर बदल करता येत नाही, जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानं पण हेच स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीत नियमबाह्य बदलासाठी प्रत्येक बदलामागं 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा आली. म्हणजे केज, लिफ्ट, बंपर, टायर असं केलं असेल तर प्रत्येकाचा दंड वेगळा. कायदा मोडा असं मी कुणालाच सांगत नाही, गिऱ्हाईक आलं की आधी हेच सांगतो. पण याच राज्यात नाशिकला बनणारी 2020 ची थार कंपनीच रोल केज घालून विकते आणि तो कायदेशीर, मग आधीच्या एमएम 540, एमएम 550, जुन्या थार आणि जिप्सी ज्यांच्या डोक्यावर नुसतं कापड आहे त्यांनी काय करायचं? त्या गाड्या आजही राधानगरी, आंबोली, गगनबावडा भागात रोज चालतात, शेतावर जातात, पावसाळ्यात जांभ्याच्या चिकट उतारावरून उतरतात. या गाड्यांना हूड ताणून धरायला ज्या कमानी असतात त्यांनाच लोक रोल बार समजतात. त्या कापडाचं वजन पेलायला असतात हो, दीड टनाची गाडी पेलायला नाही.

दुसरी बाजूही मांडतो, कारण आमच्या धंद्यातही चाललंय ते बरोबर नाही. तपासणीच नाही म्हटल्यावर कुणीही उठतो आणि केज बनवतो. सगळ्यात जास्त दिसतो तो जीआय पाईपचा, म्हणजे आपल्या नळाच्या पाण्याचा पाईप. गिऱ्हाईकाला सांगितलं जातं सी क्लास आहे, चार एमएम जाड आहे, काही होत नाही. अहो पण नुसत्या जाडीवर नसतं ते. आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्टची संघटना एफआयए, तिच्या नियमात केजसाठी थंड अवस्थेत ओढलेला सीमलेस कार्बन स्टील पाईप लागतो, ताणाची ताकद कमीत कमी 350 मेगापास्कल, मेन हूपला, म्हणजे सीटमागच्या मुख्य कमानीला, 45 एमएम बाहेरचा व्यास आणि अडीच एमएम जाडी, बाकीच्या बारला 38 एमएम आणि अडीच. हा 45 चा पाईप मीटरला साधारण 2.6 किलो भरतो आणि दीड इंची सी क्लास जीआय भरतो 4.4 किलोच्या आसपास. जीपच्या केजला 20 मीटर पाईप गेला असं धरलं तर 35 किलो जादा वजन, ते पण बरंचसं डोक्याच्या वर, आणि खात्री मात्र कमी, कारण पाण्याचा पाईप गळू नये म्हणून तपासलेला असतो, आपटला तर काय होईल यासाठी नाही. शिवाय त्यावरचं जस्त न काढता वेल्डिंग केलं तर जोडात भोकं राहतात आणि तो धूर वेल्डरच्या छातीत जातो, रात्री थंडी वाजून ताप येतो, हे आमच्यातल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा.

माझ्याकडं एक एमएम 540 आली होती, डोंगरउतारावर आडवी होऊन एक पूर्ण पलटी खाल्लेली. केज दुसऱ्या एका शॉपमधून बनवलेला, बाहेरून एकदम झकास, काळं पावडर कोटिंग, वेल्डिंग ग्राइंडरनं घासून गुळगुळीत केलेलं. मेन हूप सीटच्या मागं जिथं फ्लोअरला उतरतो तिथं बघितलं तर पाईपचा पाय पत्रा फाडून खाली चार बोटं उतरलेला. खालून हात घालून चाचपलं तर पत्र्याखाली प्लेटच नाही, नुसते दोन बोल्ट आणि वॉशर. वरच्या कोपऱ्यातला जोड सुटला होता, तिथं आतून पाईपची कापलेली कड जशीच्या तशी चकचकीत होती, म्हणजे वेल्डिंग आत गेलंच नव्हतं, वरवर थर चढवला आणि तोही घासून काढला. आणि बेंडच्या आतल्या बाजूला पाईप चपटा झालेला, सुरकुत्या पडलेल्या, वाकलाय तो तिथंच वाकलाय. चालवणारा वाचला कारण त्यानं बेल्ट लावला होता आणि गाडी मऊ मातीत पडली. या तिन्ही गोष्टींना एफआयएच्या नियमात उत्तर आहे, प्रत्येक पायाखाली कमीत कमी 120 चौरस सेंटीमीटरची तीन एमएम जाड प्लेट पत्र्याला वेल्ड केलेली, कमीत कमी तीन एम 8 बोल्ट 8.8 ग्रेडचे, बेंडची त्रिज्या पाईपच्या व्यासाच्या निदान तिप्पट, आणि जोडाला पाईपच्या पूर्ण गोलाईतून वेल्डिंग. यातलं काहीही उद्यमनगरात होत नाही असं नाही, सगळं होतं, फक्त मागणारा आणि तपासणारा पाहिजे.

अजून एक, जे गिऱ्हाईकाला पटवायला सगळ्यात जड जातं. रस्त्यावर बिनहेल्मेटचं फिरताना डोक्याजवळून जाणारा उघडा स्टीलचा पाईप हाच धोका आहे. साध्या धक्क्यातही कवटी त्याच्यावर आपटते. त्यामुळं केज केला की डोकं पोचेल तिथं कडक पॅडिंग पाहिजे, घरच्या सोफ्याचा फोम नव्हे, आणि बेल्ट पाहिजेच पाहिजे, नाहीतर गाडी शाबूत राहील आणि माणूस बाहेर फेकला जाऊन तिच्याच खाली येईल.

आता लिफ्टचं बोलतो. गिऱ्हाईक येतं ते म्हणतं चार इंच उचला आणि मग वर केज टाका. मी विचारतो गाडी उचलायचीय कशाला, तर दिसायला. गाडी कडेला कलंडायची वेळ कधी येते याचा हिशोब सोपा आहे, दोन चाकांमधल्या अंतराचं निम्मं भागिले भार जिथं एकवटतो त्या बिंदूची उंची. समजा चाकांमधलं अंतर 1500 एमएम आणि भाराची उंची 700, तर 750 भागिले 700 म्हणजे 1.07. लिफ्टनं तो बिंदू 60 एमएम वर गेला आणि डोक्यावरच्या जड केजनं अजून 30, तर 750 भागिले 790, म्हणजे 0.95. आकडा जितका खाली तितकी गाडी आडवी व्हायला सोपी. म्हणजे उलटल्यावर वाचायला केज टाकायचा आणि त्याच पैशात गाडी उलटायची सोय पण करून ठेवायची असं होतं ते. केज आणि लिफ्टचा विचार एकत्रच करावा लागतो, हे मी प्रत्येकाला कागदावर लिहून दाखवतो.

आणि लिफ्टनं दगडावरून जायला जादा उंची मिळेल असं वाटतं, ती मिळतच नाही. दगडाला टेकतो तो डिफरन्शियलचा गोळा, आणि पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) जीपला तो ॲक्सलमध्येच असतो, बॉडी कितीही उचला तो तिथंच राहतो. तो वर जातो फक्त टायर मोठा केल्यावर, आणि तोही टायरच्या वाढीच्या निम्माच, 50 एमएम मोठा टायर घातला तर गोळा 25 एमएम वर. त्यात टायर मोठा म्हणजे गिअर जड, ब्रेक कमी वाटणार, स्पीडोमीटर खरा वेग लपवणार. पाट्यांच्या जीपला लांब शॅकल (पाट्याचं टोक धरणारा दुवा) लावून किंवा पाटा वाढवून दीड दोन इंच उचलली तर नीट निभावतं, पण त्याबरोबर शॉकअप लांब लागतात, ब्रेकचे होज ताणले जातायत का ते चाकं पूर्ण खाली लोंबकळत सोडून बघावं लागतं, प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो म्हणून त्याचे क्रॉस (सांधे) जातात, स्टेअरिंगचा रॉड तिरका होतो आणि खड्ड्यात चाक उडालं की स्टेअरिंग आपोआप ओढलं जातं. काही जण पुढच्या पाट्याखाली लोखंडी ठोकळा घालतात, ते तर अजिबात करू नये, ब्रेक मारल्यावर सगळा जोर पुढच्या ॲक्सलवर येतो आणि ठोकळा सरकला तर चाकच फिरतं. जुन्या थारच्या सीआरडीई मॉडेलला पुढं टॉर्शन बार आहे, म्हणजे पिळावर चालणारी स्प्रिंग, तो पिळून गाडी वर दिसते खरी पण चाकाला खाली जायला जागाच उरत नाही, खडबडीत जागेत चाक हवेत आणि बॉल जॉइंट लवकर संपतात. माझं मत सरळ आहे, रोजच्या वापराच्या गाडीला दोन इंचाच्या वर लिफ्ट नको.

मग मागणी काय, तर सीएनजीचं बघा. कंपनीतून पेट्रोलवर आलेल्या गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवता येतं, मान्यता मिळालेलं किट, ठरलेल्या ठिकाणी बसवायचं, आरटीओत दाखवायचं, आरसीवर नोंद होते. गॅसच्या दाबाच्या टाकीला जर असा रस्ता काढता येतो तर पाईपच्या सांगाड्याला का नाही? कलम 52 मध्ये 2019 च्या दुरुस्तीत केंद्र सरकारनं बदलांसाठी स्पेसिफिकेशन आणि मंजुरीच्या अटी ठरवायच्या असं म्हटलंय, तर त्यात रोल केज घ्या. एआरएआय, म्हणजे गाड्यांची चाचणी करणारी संस्था, पुण्यातच आहे, त्यांनी पाईपचा ग्रेड, बेंड, पायाची प्लेट, पॅडिंग याचं एक साधं मराठीत वाचता येईल असं पत्रक काढलं तरी अर्धं काम होईल. जीपमध्ये बॉडी रबरी माउंटवर बसते आणि चेसिस वेगळी हलते, त्यामुळं केज बॉडीला बांधायचा की बुश घालून चेसिसला याचंही उत्तर त्यांनीच द्यावं, आज प्रत्येक शॉप आपापल्या मनानं करतंय आणि कुठं बॉडीला चिरा जातायत तर कुठं केजच खुळखुळतोय. आणि स्पर्धेच्या गाड्या, म्हणजे पावसाळ्यात गोव्यात 2014 पासून रेनफॉरेस्ट चॅलेंज होतं तिथं चिखलात उतरतात तसल्या, त्यांना रस्त्यावर पासिंग नकोच, ट्रेलरवरून न्यायची वेगळी नोंद द्या. चार पाच इंचाच्या लिफ्टवाल्यांनी पण तिथंच जावं.

आरटीओच्या साहेबांनाही विनंती, कारवाईत केज दिसला तर गाडी ताब्यात घेऊन तो गॅस कटरनं कापून टाकायची घाई करू नका, कापताना रूफला आणि फ्लोअरला जे होतं त्यानं गाडी आधीपेक्षा कमजोर होते. मालकाला मुदत द्या, तो बोल्टवर असेल तर उतरवेल.

पावसाळा तोंडावर आलाय. ज्यांच्या जीपला केज बसलेलाय त्यांनी रविवारी गाडी रॅम्पवर घ्या, सीटमागचं मॅट उचला, फ्लोअरच्या खालून प्रत्येक पायाच्या जागी हात फिरवून प्लेट लागते का बघा, आणि बोल्टच्या डोक्यावर 8.8 छापलंय का तेवढं वाचा. प्लेट नसेल तर ज्यानं बनवला त्याच्याकडं जा आणि बसवून घ्या, एका दिवसाचं काम आहे.

आपला वाचक,
एक फॅब्रिकेटर, उद्यमनगर, कोल्हापूर