विमानाचा चेपलेला पत्रा ठोकून सरळ करू नये

मा. संपादक,
स. न.

घरी बांधलेल्या विमानाची बातमी आपल्याकडे आली की तिच्यात खर्च किती, वर्षे किती लागली आणि परवानगी कधी मिळणार एवढेच वाचायला मिळते. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर बांधलेले विमान २०१६ साली मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात असंख्य लोकांनी पाहिले. पण अशा विमानाचा पत्रा कसा कापतात, कसा वळवतात, रिव्हेट (पत्रे एकमेकांना जोडणारी धातूची खीळ) कशी मारतात, याबद्दल मराठीत फारच थोडे लिहिले जाते. त्यामुळे मोटारीचा मडगार्ड डेंटिंगवाला ठोकून सरळ करतो तसा विमानाचा चेपलेला पत्राही करता येईल, असा समज तांत्रिक शिक्षण घेतलेल्यांमध्येही दिसतो. हा समज धोक्याचा आहे, म्हणून हे सविस्तर पत्र.

उदाहरण म्हणून थॉर्प टी-१८ घ्यावे. जॉन थॉर्प यांनी आराखडलेले हे शेजारी-शेजारी दोन आसनांचे, संपूर्ण धातूचे विमान १९६४ मध्ये पहिल्यांदा उडाले. डॉन टेलर यांनी स्वतः बांधलेल्या टी-१८ मधून १९७६ साली पृथ्वीप्रदक्षिणा केली. घरी बांधलेल्या विमानाने केलेली ती पहिलीच. थॉर्प यांचे शहाणपण असे की विमानाचा बहुतेक भाग सपाट पत्र्याच्या साध्या घड्यांतून उभा राहतो आणि छिद्रे पत्रा सपाट असतानाच ठरतात. त्यामुळे मोठ्या यंत्रांशिवाय गॅरेजात ते बांधता आले. अशी अनेक विमाने आज अर्धशतक जुनी झाली आहेत आणि दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती पुनर्बांधणीला येतात. आपले वाचक अमेरिकेतही आहेत. त्यांपैकी कोणी असे विमान घेण्याच्या विचारात असेल, तर पुढचा मजकूर त्यांच्या थेट उपयोगाचा आहे.

या विमानांचा मुख्य पत्रा २०२४-टी३ या मिश्रधातूचा. अ‍ॅल्युमिनियममध्ये तांबे मिसळून, उष्णोपचार करून त्याला बळ आणलेले असते. असा पत्रा एकदा वळवता येतो, तोही घडीची आतली त्रिज्या जाडीच्या तिप्पट-चौपट ठेवून. आपटून वाकलेली रिब (पंखाला आकार देणारी पत्र्याची फासळी) सरळ करणे म्हणजे त्याच जागी दुसरी, उलटी घडी घालणे. वरून ती गुळगुळीत दिसते, पण घडीच्या बाहेरच्या अंगाला केसासारखे तडे गेलेले असतात आणि इंजिनाच्या कंपनाने ते वाढत जातात. शिवाय ठोकलेला पत्रा ताणला जातो. क्षेत्रफळ वाढले की तो डब्याच्या झाकणासारखा आत-बाहेर टकटक करू लागतो आणि प्रत्येक टकटकीला कडेच्या रिव्हेटवर ताण येतो. म्हणून नियम एकच: भार वाहणारा भाग वाकला असेल तर तो सरळ करू नये, नवा घडवावा.

विकत घेण्याआधी काय पाहायचे? रिव्हेटच्या डोक्यामागे वाऱ्याच्या दिशेने काळपट ओघळ दिसला, तर ती रिव्हेट सैल होऊन हलते आहे. तो काळा रंग घासलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या भुकटीचा. रंगाखाली अळीसारख्या वळवळत्या फुगीर रेषा म्हणजे गंज. पंखात उंदराचे घरटे असेल, तर त्याखालचा पत्रा हमखास खाल्लेला निघतो, कारण उंदराचे मूत्र प्रायमरखालीही पोहोचते. आरसा आणि टॉर्च घेऊन मुख्य स्पारची (पंखाचा भार पेलणाऱ्या लांब तुळईची) फिटिंग पाहावीत. स्पारला तडा असेल तर टोकाला छिद्र पाडून तो ‘थांबवण्याचा’ विचारही करू नये. ती युक्ती बिनभाराच्या झाकणासाठी आहे. साफसफाईला लोखंडी ब्रश किंवा स्टील वूल वापरू नये. त्याचे कण पत्र्यात रुततात आणि तिथूनच गंज सुरू होतो.

जुनी रिव्हेट काढणे हे संयमाचे काम आहे. ड्रिल फक्त डोक्यापुरते उतरवायचे, डोके पंचाने उचकटायचे आणि मागून लाकडाचा आधार देऊन दांडी हलकेच बाहेर ठोकायची. घाईत आरपार ड्रिल केले की छिद्र लांबट होते. मग तिथे पुढच्या मापाची रिव्हेट लागते आणि तिला कडेपासूनचे अंतर पुरत नाही. रिव्हेटच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत व्यासाच्या किमान दुप्पट अंतर हवे. म्हणजे १/८ इंची रिव्हेटला १/४ इंच, साधारण ६.४ मिमी. जुन्या विमानात खरी अडचण इथेच येते.

आता नवी रिब. तिच्यासाठी सागवानासारख्या घट्ट लाकडाचा किंवा चांगल्या प्लायचा पाऊण इंच जाडीचा फर्मा (ज्यावर पत्रा वळवायचा तो साचा) लागतो, शिवाय वरून दाबायला दुसरी फळी. फर्म्याची बाह्यरेषा काढताना पंखाच्या आकारातून रिबवर चढणाऱ्या कातडीची (बाहेरच्या पत्र्याची) जाडी आणि रिबची स्वतःची जाडी, दोन्ही वजा करायच्या. ०.०२५ इंची पत्र्यात रिबची जाडी वजा करायला विसरले, तर वर-खाली मिळून सुमारे १.३ मिमीने रिब उंच होते आणि पंखावर त्या जागी उंचवटा कायमचा राहतो. मोडलेल्या रिबवरून माप घेऊ नये. ती आकार सोडून बसलेली असते. माप आराखड्यातूनच घ्यावे. पत्रा हात सोडल्यावर थोडा मागे येतो, म्हणून फर्म्याची कड तीन ते पाच अंश आत कलती तासायची. घडीच्या जागेची कड १/८ इंच त्रिज्येने गोल करायची.

पत्र्यावर खुणा बारीक मार्करने कराव्यात. सुईने ओरखडा काढला की तडा तिथूनच जातो आणि शिसपेन्सिलीच्या ग्रॅफाइटमुळे अ‍ॅल्युमिनियम गंजते. साधी सरळ घडी शक्यतो रोलिंगच्या दिशेला आडवी घ्यावी. पत्र्यावरच्या छापील ओळी सहसा त्याच दिशेने धावतात. कापलेल्या कडा कानशीने आणि नंतर बारीक पॉलिश कागदाने कडेच्या लांबीला धरून गुळगुळीत कराव्यात. दोन घड्या जिथे भेटतात त्या कोपऱ्यात आधी गोल छिद्र पाडून ठेवावे.

मग पत्रा दोन फळ्यांत पिनांनी अडकवून वाइसमध्ये धरायचा आणि नायलॉनच्या हातोडीने किंवा लाकडी मोगरीने पूर्ण लांबीची कड थोडी-थोडी झुकवत न्यायची. एकाच जागी काटकोन पुरा करायला गेले की शेजारी सुरकुती घट्ट बसते. बाहेरच्या गोलाईवर कडेला पत्रा जास्त होतो आणि रिब केळ्यासारखी वाकते. तो जास्तीचा पत्रा दोन रिव्हेटच्या मधोमध खास पकडीने छोट्या चुण्या घालून जिरवतात आणि रिब सपाट फरशीवर टेकेपर्यंत तपासतात. आतल्या गोलाईवर उलट होते: पत्रा ताणला जाऊन कडेला फाटतो. तिथे कडेचा गुळगुळीतपणाच वाचवतो.

इंजिनाच्या झाकणाचा पुढचा गोल भाग किंवा चाकांची आवरणे दोन्ही दिशांनी गोलाईची असतात. तिथे २०२४ चालत नाही. ३००३ किंवा ११०० या प्रकारच्या अ‍ॅल्युमिनियमचा मऊ पत्रा घ्यावा, वाळूच्या पिशवीवर खोलवावा आणि इंग्लिश व्हीलवर (दोन चाकांमध्ये पत्रा दाबून फिरवण्याच्या यंत्रावर) साफ करावा. पुण्याच्या तांबट आळीतले मठारकाम (भांडी ठोकून घडवण्याचे काम) ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना हे नवे वाटणार नाही: धातू कुठे पसरवायचा, कुठे आकसायचा आणि कधी तापवून मऊ करायचा, हे ज्ञान तेच. फरक एवढाच की तांबे लाल दिसेपर्यंत तापवता येते, अ‍ॅल्युमिनियम रंग न बदलता अचानक वितळते. म्हणून गॅसच्या धुरकट ज्योतीने त्यावर काजळी धरवतात आणि साध्या ज्योतीने ती काजळी उडेपर्यंतच तापवतात. २०२४ ला मात्र ज्योत कधीही लावू नये. त्याचा उष्णोपचार सुमारे ४९३ अंश सेल्सिअसच्या नियंत्रित भट्टीतच होतो आणि लगेच पाण्यात विझवावा लागतो.

जोडणीत १/८ इंची रिव्हेटला ३० नंबरचे आणि ३/३२ इंचीला ४० नंबरचे ड्रिल. रिव्हेट मारताना दाबलेल्या बाजूला तयार होणारे डोके व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मे उंच भरले पाहिजे. जुन्या सांगाड्यावर नवी कातडी चढवताना छिद्रे आराखड्यावरून पाडू नयेत. होल फाइंडर (झाकलेल्या छिद्राची जागा वर दाखवणारी पट्टी) लावून सांगाड्याच्या छिद्रांवरूनच घ्यावीत, कारण मूळ बांधणाऱ्याचा हात प्रत्येक विमानात वेगळा असतो. क्लेको (छिद्रांतून पत्रे तात्पुरते धरून ठेवणाऱ्या पिना) लावून, मध्यापासून कडेकडे रिव्हेट मारत जावे. आणि कातडी बंद होण्याआधी पंखाचा पीळ प्रत्येक रिबपाशी लेव्हलने तपासावा. बंद झाल्यावर तो पीळ निघत नाही आणि विमान आयुष्यभर एका बाजूला झुकत उडते.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलणारा भाग) किंवा टी-१८ च्या पूर्ण हलणाऱ्या आडव्या शेपटीवर खड्डा बुजवायला पुटी भरू नये. मागच्या कडेला थोडे वजन वाढले तरी समतोल बिघडतो आणि वेगात पृष्ठभाग फडफडू लागून काही क्षणांत तुटू शकतो. रंगानंतर समतोल पुन्हा मोजावा, विमान पुन्हा वजन करावे, गुरुत्वमध्य पुन्हा काढावा. अमेरिकेत अशा विमानावर काम कोणीही करू शकते. मात्र वार्षिक तपासणीवर सही परवानाधारक मेकॅनिकची किंवा मूळ बांधणाऱ्यासारख्या, त्यासाठीचे प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीचीच चालते. झाकण्याआधी प्रत्येक टप्पा मेकॅनिकला दाखवावा आणि छायाचित्रे वहीत लावावीत.

आपल्याकडे आयटीआयमध्ये शीट मेटल वर्करचा अभ्यासक्रम आहे, ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले कारागीर आहेत. त्यांच्याकडून फर्मा, चुण्या आणि रिव्हेट यांवरची मालिका चित्रांसह मराठीत लिहून घेऊन आपल्या विज्ञान पुरवणीत छापावी, ही विनंती. पहिला लेख रिबच्या फर्म्यावर असावा; तो वाचून कोणीही विद्यार्थी दोन फळ्या आणि पत्र्याच्या एका तुकड्यावर हात बसवू शकेल.

आपला,
विमान देखभाल क्षेत्रातील एक वाचक, पुणे