सिनेटर माइक ली यांना खुलं पत्र: 2020 चं तुमचं बिल आणि आमच्या घरातला वाढदिवस

आदरणीय युटाचे सिनेटर माइक ली साहेब,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

गेल्या महिन्यात माझी मुलगी 21 वर्षांची झाली आणि त्याच दिवशी तिचा एच-4 व्हिसा, म्हणजे एच-1बी या नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाच्या बायकोमुलांना मिळतो तो, संपला. आपल्या देशाच्या कायद्यात 21 पूर्ण झालेलं मूल आईवडिलांच्या अर्जावर राहत नाही. शाळेत जायच्याही आधी युटात आलेली माझी पोर आता 'परदेशी विद्यार्थिनी' झाली आहे. हा विषय आपल्याला पहिल्यापासून समजावून सांगायची गरज नाही. रिपब्लिकन सिनेटरांत तो आपल्याइतका कोळून प्यायलेला दुसरा कुणी मला माहीत नाही, म्हणून हे पत्र आपल्यालाच. सभ्य इंग्रजीतली पत्रं आम्हा सगळ्यांची भरपूर लिहून झाली, आता एक मराठीत.

आपण केलेलं आधी मान्य करते. 2011 मध्ये युटाच्याच जेसन चॅफेट्झ यांचं ग्रीनकार्डातली देशवार मर्यादा काढणारं बिल प्रतिनिधीगृहात 389 विरुद्ध 15 मतांनी पास झालं, तेव्हापासून आपण सिनेटमध्ये त्या बाजूने उभे होतात. 2019 मध्ये तसंच एस. 386 नावाचं बिल आपण पुन्हा पुन्हा मांडलंत, एकाही सिनेटरची हरकत नसेल तरच पास होईल अशा वाटेने. कधी आपल्याच पक्षाचे रँड पॉल आडवे आले, कधी डेव्हिड पर्ड्यू, मग डेमोक्रॅट डिक डर्बिन, नंतर रिक स्कॉट. आपण एकेकाला समजावलंत, आणि 2 डिसेंबर 2020 ला ते सिनेटमध्ये एकमताने पास झालं. त्या रात्री आमच्याकडे चक्क शिरा केला होता. प्रतिनिधीगृहाने 2019 मध्ये असंच बिल 365 विरुद्ध 65 ने पास केलं होतं, त्यामुळे दोन मसुदे जुळवणं तेवढं बाकी होतं. ते जुळवले गेले नाहीत. 3 जानेवारी 2021 ला त्या संसदेची (काँग्रेसची) मुदत संपली आणि बिल मेलं.

मराठी वाचकांसाठी हिशोब सांगते. नोकरीवरची ग्रीनकार्डं वर्षाला सुमारे 1,40,000, आणि कुठल्याही एका देशाला त्यातली 7 टक्के, म्हणजे 9,800. भारताला तेवढीच आणि आइसलँडलाही तेवढीच. देश म्हणजे जिथे जन्म झाला तो, पासपोर्ट कुठलाही असो. माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात दोन डेस्क सोडून बसणारा एक तमिळ गृहस्थ आहे, जन्म कोलंबोचा. मागून आला आणि बघता बघता ग्रीनकार्ड घेऊन मोकळा झाला. आमच्या ह्यांचा गुन्हा एवढाच की ते सांगलीच्या सिव्हिल हॉस्पिटलात जन्मले. केटो ही तुमच्याच बाजूची, मुक्त बाजारवाली संस्था. तिने 2023 मध्ये हिशोब केला की नव्याने रांगेत येणाऱ्या भारतीयाला 134 वर्षं लागतील. रांगेतले भारतीय 11 लाख म्हणतात, आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी 12 म्हणतं, कुणी 15. खरा आकडा काही का असेना, 9,800 ने भागून बघा.

आमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेत उभं राहिल्याची तारीख, फेब्रुवारी 2015. कुठल्या तारखेपर्यंतच्यांचा नंबर लागला हे दर महिन्याला सांगणाऱ्या सरकारी व्हिसा बुलेटिनमध्ये, सप्टेंबर 2022 ला, आमच्या ईबी-2 या गटाची तारीख 1 डिसेंबर 2014 पर्यंत आली होती. अडीच-तीन महिन्यांचं अंतर राहिलं होतं. मेडिकलसाठी डॉक्टर शोधून ठेवला, जन्मदाखल्यांची भाषांतरं करून घेतली, सासूबाईंनी गणपतीला नवस बोलून टाकला. ऑक्टोबरचं बुलेटिन आलं आणि तारीख थेट एप्रिल 2012 वर! पुढे 2023 मध्ये तर ती जानेवारी 2011 पर्यंत मागे गेली. याला इथे 'रिट्रोग्रेशन' असं भारदस्त नाव आहे. आमच्याकडे पंगतीत पान वाढून भात यायच्या आत पान उचलून नेणाऱ्याला जे म्हणतात, ते मी इथे लिहीत नाही. नवसाचं काय करायचं, हे सासूबाई अजून फोनवर विचारतात.

मुलीचा एफ-1 चा अर्ज भरायला आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो. विद्यार्थी व्हिसासाठी दाखवावं लागतं की परदेशात तुमचं घर आहे आणि शिक्षण संपलं की तुम्ही तिथे परत जाणार. म्हणून आम्ही सांगलीचं, विश्रामबागेतलं आजीचं घर लिहिलं. पोरीने विचारलं, "आई, आजीच्या घराला नंबर आहे का गं?" मला तो पटकन आठवेना. पोर युटातल्या लीहायच्या शाळेत वाढली, 24 जुलैला पायोनियर डेच्या (युटात पहिल्यांदा येऊन वसलेल्यांच्या सणाच्या) मिरवणुकीत हातगाडी ओढत मिरवली, आणि 'मी सांगलीला परत जाणार आहे' असं तिला सरकारला लिहून द्यावं लागलं. अर्जात एक अक्षर खोटं लिहिलं तर आम्हाला हाकलतील. हे असलं खरं मात्र त्यांना चालतं.

आता मुद्द्यावर येते, आणि 'आपण' वरून 'तुम्ही' वर येते. ऑगस्ट 2025 मध्ये, वॉलमार्ट आणि एच-1बी ची बातमी गाजत असताना, तुम्ही एक्सवर लोकांना विचारलंत की एच-1बी थांबवायची वेळ आली आहे का. ज्या माणसाने एकेक विरोधक समजावून आमचं बिल पास केलं, त्याने हे विचारावं? एखाद्या नव्या, अडाणी खासदाराने विचारलं असतं तर सोडून दिलं असतं. तुम्हाला रांग माहीत होती. एच-1बी वरची माणसं वर्षानुवर्षं तशीच का अडकतात, हे तुम्ही स्वतः सभागृहात उभं राहून सांगितलंत. पुढच्याच महिन्यात नव्या एच-1बी अर्जावर एक लाख डॉलरची फी आली. ऑक्टोबरच्या शेवटी माझ्यासारख्या एच-4 वाल्यांच्या वर्क परमिटची आपोआप मिळणारी मुदतवाढही गेली. पूर्वी रिन्यूअल अडकलं तरी 540 दिवस काम करता यायचं. आता कार्ड संपलं की काम बंद, अर्ज तिकडे कितीही दिवस पडून राहो. माझं परमिट संपलं, मी बिनपगारी घरी बसले आहे, घराचा हप्ता मात्र रजेवर जात नाही. या दोन्हींवर तुमचा आवाज आम्हाला तरी ऐकू आला नाही.

तुम्हाला अन्याय दिसतो, हीच तर बोच आहे. सॉल्ट लेकला फेडरल वकील असताना तुम्ही वेल्डन अँजेलोसचा खटला जवळून पाहिलात. गांजा विकला आणि जवळ पिस्तूल होतं, म्हणून 55 वर्षं. खुद्द न्यायाधीश म्हणाले की शिक्षा अन्यायकारक आहे, पण कायद्यापुढे हात बांधलेत. ती गोष्ट तुम्ही जन्मभर सांगितलीत, आणि त्याच डर्बिनच्या जोडीने झगडून अशा शिक्षा कमी करणारा 2018 चा फर्स्ट स्टेप कायदा आणलात. येमेनच्या युद्धात अमेरिकेने पडू नये म्हणून डाव्या बर्नी सँडर्सच्या शेजारी उभे राहिलात. 2017 मध्ये मार्को रुबिओसोबत मुलांच्या करसवलतीसाठी स्वतःच्या पक्षाशी भांडलात. म्हणजे मनात आणलं की तुम्हाला जमतं.

आणि मनात नसलं की? 2016 मध्ये ट्रम्प यांनी उमेदवारी सोडावी म्हणालात, मत अपक्ष मॅकमलिनला दिलंत. 2020 मध्ये त्याच ट्रम्पना भर सभेत कॅप्टन मोरोनीची, तुमच्या मॉर्मन धर्मग्रंथातल्या वीराची, उपमा दिलीत, आणि 2022 मध्ये सिनेटच्या निवडणुकीत त्याच मॅकमलिनला पाडलंत. सिनेटरला दोनच टर्म असाव्यात अशा घटनादुरुस्तीला पाठिंबा देता, आणि तिसरी टर्म सुखाने चालू आहे. 2010 च्या प्रचारात सोशल सिक्युरिटी, म्हणजे इथली सरकारी पेन्शन, मुळासकट उपटून टाकायची म्हणाला होतात. ती आमच्या पगारातून दर महिन्याला 6.2 टक्के कापली जाते. दहा वर्षांची कपात पुरी व्हायच्या आत सांगलीला परतलं, तर म्हातारपणी तिचा एक डॉलर मिळत नाही, कारण दोन्हीकडची वर्षं जोडून धरणारा करारच भारत-अमेरिका यांच्यात नाही. उपटणारच असाल तर आधी आमचे परत करा.

जून 2025 मध्ये सरकारी जमिनी विकायचा प्रस्ताव आणलात, अकरा राज्यांतल्या लाखो एकर. शिकारी, मासेमार, ट्रेकवाले, सगळे उठले, त्यात तुमचे मतदारही होते. महिना संपायच्या आत प्रस्ताव मागे. हरणं मारणाऱ्यांचं ऐकलंत, कारण त्यांना मत आहे. आम्हाला फक्त डब्ल्यू-2 आहे, पगार आणि कापलेल्या कराचा कागद.

दोष एकट्या तुमचा नाही, हेही लिहिते. एक माणूस उठून 'हरकत' म्हणतो आणि लाखोंचं आयुष्य थांबतं, ही कसली सभा? डेमोक्रॅट निवडणुकीआधी आमच्या दिवाळीला पणत्या लावायला येतात आणि नंतर म्हणतात की सगळ्या स्थलांतरितांचं एकत्रच करू, म्हणजे कुणाचंच नाही. कंपन्यांनाही बरंच आहे, बांधलेला माणूस पगारवाढ मागताना दहादा विचार करतो. सप्टेंबर 2019 मध्ये ह्यूस्टनला 'हाउडी मोदी' झालं, स्टेडियम भरलं, दोन्हीकडच्या नेत्यांनी हातात हात घालून फेरी मारली, तेव्हा तुमचं बिल सिनेटमध्ये लोंबकळत होतं. आमचेच लोक ढोल वाजवत होते. माझा नवराही विमानाचं तिकीट काढून गेला होता! तलाठ्याला आणि सात-बाराच्या खेट्यांना कंटाळून आम्ही देश सोडला. त्या तलाठ्याला निदान समोर जाऊन चार शब्द सुनावता यायचे.

ज्या नोव्हेंबर 2010 मध्ये तुम्ही निवडून आलात, त्याच महिन्यात तुमच्या राज्यात 'युटा कॉम्पॅक्ट' या स्थलांतरितांविषयीच्या जाहीरनाम्यावर सह्या झाल्या. कुटुंबं तोडणारी धोरणं नकोत, असं त्यात लिहिलं आहे, आणि तुमच्या मॉर्मन चर्चनेही त्याला पाठिंबा दिला होता. खिशात राज्यघटना घेऊन फिरता म्हणतात. हा एक कागदही मावेल त्या खिशात.

मागणं फार नाही. 2020 चं बिल पुन्हा मांडा. ते जमत नसेल तर आईवडिलांसोबत कायद्याने आलेली मुलं 21 व्या वर्षी बाहेर पडू नयेत, यासाठी डेमोक्रॅट सिनेटर अॅलेक्स पडिया आणि रँड पॉल यांनी जे बिल आणलं होतं, त्याच्यामागे उघडपणे उभे राहा. हो, तेच रँड पॉल, ज्यांनी 2019 मध्ये तुम्हाला अडवलं होतं. आणि वर्क परमिटचं रिन्यूअल वेळेत होणार नसेल तर ती मुदतवाढ परत आणा. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही.

'आपल्या भावना पोहोचल्या, आभारी आहोत' असलं छापील उत्तर नको, ती माझ्याकडे फाइलभर आहेत. बिल पुन्हा मांडणार की नाही, हो किंवा नाही, एक ओळ पुरे.

आपली,
लीहायची एक करदाती
(मूळ गाव सांगली, मतदार यादीत दोन्हीकडे नाव नाही)