अकरा मेंढ्या गेल्या, कणांचा आकार अजून छापलेला नाही

माननीय पशुसंवर्धन मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार. जनावरांच्या खाद्यात घालायच्या खनिज मिश्रणाच्या पुड्यावर कणांचा आकार छापणं सक्तीचं करू, असं लेखी उत्तर आपल्या खात्याने मला दिलं, त्याला दोन वर्षं झाली. गेल्या आठवड्यात नवा पुडा पाहिला. 'नॅनो', म्हणजे अतिबारीक कणांचं, हे ठळक अक्षरात, आकार कुठेच नाही. म्हणून हे पत्र.

असंच नॅनो मिश्रण खाणाऱ्या माझ्या अकरा मेंढ्या गेल्या. आदल्या दिवसापर्यंत चरत होत्या. सकाळी पहिली उठेना. पापणी उलटून पाहिली तर हळदीसारखी पिवळी. अंगाखालचं गवत लघवीने तांबडं-काळं झालेलं. डॉक्टर येईपर्यंत दुसरी बसली. तिचं डोकं मांडीवर घेऊन मी बसून राहिले, दुसरं काही हातात नव्हतं. शवविच्छेदनात मूत्रपिंडं काळपट निळी निघाली, यकृतात तांबं साठलेलं. मेंढीला तांबं बाहेर टाकणं नीट जमत नाही. ते यकृतात आठवडेच्या आठवडे साठतं आणि एक दिवस रक्तात उतरून तांबड्या पेशी फोडतं. युरोपात मोठ्या गायीच्या खाद्यात किलोमागे 30 मिलिग्रॅम तांबं चालतं, मेंढीच्या खाद्यात 15च, ते यासाठी.

प्रयोगशाळेचा अहवाल आला: मिश्रणातलं तांबं मर्यादेत. कण केवढे, असं विचारलं, तर ती तपासणी इथे होत नाही म्हणाले. सगळा घोळ इथेच आहे, साहेब. नॅनो म्हणजे साधारण 1 ते 100 नॅनोमीटर; एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. कण दहापट बारीक केला की तेवढ्याच वजनात पृष्ठभाग दहापट होतो. बारीक कण जास्त शोषला जातो म्हणून मात्रा कमी लागते, हे विकणारेच सांगतात. मग जाड भुकटीवर ठरवलेली मर्यादा तुम्ही याला कशी लावता? नॅनोमुळेच मेल्या, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण तुम्ही कणच मोजत नाही, तर मी सिद्ध करू कशाने?

डुकरांच्या पिलांना हगवणीवर दिले जाणारे जस्त ऑक्साइडचे मोठे डोस युरोपने जून 2022 पासून बंद केले. जस्त शेणावाटे जमिनीत साठतं, शिवाय प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू वाढण्याची भीती. आता त्याच्या जागी नॅनो जस्त पुढे केलं जातंय. ते शेणही शेतातच पडणार ना?

चार टेबलं फिरले. खाद्याचे अधिकारी म्हणतात औषधवाल्यांकडे जा, औषधवाले म्हणतात हे औषधच नाही. विकणाऱ्याने धोका नाही हे दाखवायचं की मेलेल्या जनावराच्या मालकाने धोका होता हे दाखवायचं? प्रत्येक बाबतीत तुम्ही ओझं आमच्याच पाठीवर टाकता. आधी बाजारात येऊ द्यायचं, मग कुणी रडलं की समिती नेमायची. मला समिती नको. आकार छापा, मेंढ्यांसाठी वेगळी चाचणी झाल्याशिवाय विक्री थांबवा.

अर्धा पुडा आणि यकृताचा अहवाल मी जपून ठेवलाय. घ्यायला माणूस पाठवा.

आपली,
एक मेंढ्या पाळणारी