शार्त्रच्या आजींना, बाबांच्या आरशाबद्दल

आजी,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून नुसतं आजी म्हणते. या पत्राचं फ्रेंच करून मी ते कॅथेड्रलमध्ये नेऊन देणार आहे. पण आधी मराठीतच लिहितेय, कारण बाबा फोनवर आहेत आणि ‘हे लिही, ते राहिलं’ असं सारखं सांगताहेत.

माझे बाबा गवंडी. शिरोळ तालुक्यात चाळीस वर्षं त्यांनी घरं बांधली. तरुणपणी डोक्यावरून दगड-विटा वाहिल्या, त्याने मानेचे मणके गेले. समोरचं सगळं दिसतं, पण मान वर होत नाही. पॅरिसला माझ्याकडे आले तेव्हा त्यांनी एकच मागितलं होतं, “जुनं दगडकाम दाखव.” मला सुट्टी नव्हती, म्हणून मी त्यांना एका टूरबरोबर पाठवलं. तिथल्या माणसाने सगळ्यांसमोर सांगितलं, “काकांना वर बघता येत नाही ना? मग उतरून काय करणार? बसू दे गाडीतच.” बाबा बसून राहिले. रात्री जेवताना एक शब्द बोलले नाहीत. ते आठवलं की अजून माझं डोकं तापतं.

पुढच्याच आठवड्यात रजा टाकून मी त्यांना पॅरिसजवळच्या शार्त्रला, तिथलं जुनं दगडी कॅथेड्रल म्हणजे मोठं चर्च बघायला आणलं. बाहेर ते अगदी रमले. दोन मनोरे लांबूनच बघून म्हणाले, “ही दोन वेगळ्या हातांची कामं.” खरंच आहे ते. दक्षिणेकडचा साधा, १०५ मीटरचा मनोरा बाराव्या शतकातला. उत्तरेकडच्यावर १५०६ मध्ये वीज पडली आणि मग जां द बोस याने त्यावर ११३ मीटरपर्यंत चढणारा तो नक्षीदार दगडी कळस उभारला. बाबा भिंतीबाहेरच्या कमानदार टेकूंपाशी कितीतरी वेळ थांबले. छताचा रेटा हे टेकू घेतात, म्हणून तर भिंतीत एवढ्या मोठ्या खिडक्या पाडता आल्या, हे त्यांनीच मला समजावलं. मी ही इमारत इतक्या वेळा पाहिलेली, पण हे कधी डोक्यात आलंच नव्हतं.

आत गेल्यावर मात्र ते खांबाला हात लावून फरशीकडे बघत उभे राहिले. मी शेजारी उभी राहून सांगत होते, छत सदतीस मीटर उंच आहे, दगडी फासळ्या एकमेकींना अशा छेदतात. सांगून काय दिसणार?

तेव्हा तुम्ही खुर्चीवरून उठलात. पर्समधून पावडरच्या डबीचा गोल आरसा काढलात, स्कार्फच्या टोकाने पुसलात आणि काही न बोलता बाबांच्या तळहातावर आडवा ठेवलात. त्यांचा हात थरथरत होता, म्हणून खालून तुमचा हात धरलात. आरशात छत उतरलं. बाबांच्या तोंडून पहिलं काय निघालं असेल? “सेंटरिंग कसं लावलं असेल गं यांनी?”

सेंटरिंग म्हणजे दगड जागी बसेपर्यंत खालून द्यायचा लाकडी आधार. मी ते तुम्हाला फ्रेंचमध्ये सांगितलं आणि तुम्ही केवढ्या हसलात! मग त्यांचा हात तसाच धरून तुम्ही वेदीमागच्या प्रदक्षिणेच्या वाटेने आम्हाला संत शेरोंच्या खिडकीपाशी नेलंत. तिच्या तळाशी, बाबांना मान वर न करता दिसेल अशा ठिकाणी, दगड घडवणारे कारागीर आहेत. एक राजाची मूर्ती घडवतोय आणि त्याचा जोडीदार काम थांबवून पाणी पितोय, का अजून काही, ते देव जाणे. तुम्ही बाबांच्या हातावरच्या घट्ट्यांवर बोट ठेवलंत आणि मग त्या काचेकडे दाखवलंत. बाबांनी डोळे पुसले. तिथे मला भाषांतर करावं लागलं नाही.

नंतर बाकावर बसून तुम्ही किती काय सांगितलंत. ११९४ च्या आगीत आधीचं देऊळ जळालं आणि लोकांनी लगेच पुन्हा बांधायला घेतलं. १८३६ मध्ये छपराचं सगळं लाकूड जळालं, पण खालचं दगडी छत टिकलं. बाबांनी यावर मान डोलावली, “दगड दगा देत नाही.” दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर गावाने रंगीत काचा उतरवून लपवल्या. आणि ऑगस्ट १९४४ मध्ये या इमारतीवर तोफा डागायच्या होत्या, तेव्हा कर्नल वेलबॉर्न ग्रिफिथ हा अमेरिकन अधिकारी आत शत्रू आहे का ते स्वतः बघून आला. कुणी नव्हतं, म्हणून तोफा थांबल्या. त्याच दिवशी जवळच्याच लेव्ह गावात तो मारला गेला. त्याला कुणी जा म्हटलं नव्हतं. तुम्हाला तरी कुठे कुणी उठायला सांगितलं होतं, आजी?

निघताना बाबा आरसा परत द्यायला लागले, तर तुम्ही त्यांची बोटं त्यावर मिटवलीत.

तो आरसा आता आमच्या गावी आहे, बाबांच्या थापी-ओळंब्याच्या पिशवीत, फडक्यात गुंडाळलेला. गेल्या महिन्यात ते खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या जुन्या दगडी देवळात जाऊन आले. तिथल्या स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल उघडं आहे. लहानपणी पाहिलेलं ते छत त्यांनी कित्येक वर्षांनी पुन्हा पाहिलं, तळहातावर आरसा धरून, भोवतीच्या दगडासकट आणि मधल्या आभाळासकट.

आरशाच्या कडेचा बारीकसा टवका उडालाय. आजींनी तेवढं मनावर घेऊ नये, असं बाबांनी मुद्दाम लिहायला सांगितलंय.

तुमची,
गवंड्याची मुलगी